भांडण लागेल असं गणित

कुंदे, तुझ्या तेराव्याचं जेवण शांतपणे पार पडलं नाही, हे तुला आधी सांगून टाकते. पंगत बसली, वडे आले, आणि कंपनीतली शिफ्ट बदलून आलेला तुझा भाचा वाढणाऱ्या वहिनीला म्हणाला, "मोठा एक नको गो, लहान दोन दे. काठ जास्त मिळतो." पलीकडच्या पानावरून तुझा भाऊ लगेच बोलला, "काठानं पोट भरतं काय रं? मोठा घे, आत जास्त हाय." समोरच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, जाडी सारखी हाय काय ते आधी बघा, मग बोला. झालं. पंगतीत दोन तट पडले. बोटांनी वड्यांची मापं घेतली जाऊ लागली. शेवटी वहिनीनं परात खाली टेकवली आणि म्हणाली, "आधी गिळा, मंग भांडा." दुःखाच्या घरात सगळे हसले. मीही हसले, डोळे पुसत हसले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तो प्रश्न तुझा होता. दोन लहान भाकऱ्या की एक मोठी, हे तू सातवीच्या वर्गाला विचारलं होतंस, आणि वर्गाला विचारायच्या आधी घरच्यांना विचारलं असणार. तुझी पद्धतच ती. मला वाटायचं की गणितं तपासायला तुला मी एकटी आहे. तेराव्याला कळलं की अख्खं खाडीकाठचं गाव तुझ्या तपासणीत होतं. मला थोडा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

आपली ओळख पेणच्या त्या प्रशिक्षणात झाली, आठवतंय? मार्गदर्शक फळ्यावर अपूर्णांक शिकवून दाखवत होते, आम्ही सगळ्याजणी माना डोलवत होतो, आणि मागून आवाज आला, "सर, या गणितावर पोरं बोलणार काय?" सर म्हणाले, "बोलायचं कशाला? सोडवायचं." तू म्हणालीस, "मग गणित सोडवायला पोरं कशाला पाहिजेत?" मी वळून बघितलं. खांद्याला भलीमोठी पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर जराही संकोच नाही. चहाच्या सुट्टीत मी तुला सांगायला आले की तुझं बोलणं उद्धट होतं. तू म्हणालीस, "बस गो, तुला पटलं नाय ना? मग सांग का नाय पटलं." आणि माझ्या हातात चहाचा कप दिलास. मी का पटलं नाही ते सांगत बसले, चहा निवला, आणि प्रशिक्षणाचा पुढचा तास आपण दोघींनीही बुडवला.

त्यानंतर आपले शनिवार सुरू झाले. सकाळची शाळा सुटली की तू पेणहून निघायचीस, मी रोह्याहून, आणि मध्ये कासूच्या स्टेशनात बाकावर आपली बैठक. गाड्या कमी, म्हणून वेळ भरपूर. लोकांना वाटायचं, दोन बाया एकमेकींच्या सासूबद्दल बोलतायत. आपण बोलत असायचो पुढच्या आठवड्यात वर्गापुढे कुठलं गणित ठेवायचं त्याबद्दल. पुस्तकात गणितं ढीगभर होती. पण ती तुला चालायची नाहीत. "यात बोलायला काय हाय? सूत्र घाल, उत्तर काढ, घरी जा," म्हणायचीस.

तुझी कसोटी एकच होती. शिक्षक नसलेल्या माणसांपुढे प्रश्न टाकायचा. सगळ्यांनी पटकन एकच उत्तर दिलं, तर प्रश्न सोडून द्यायचा. कुणीच तोंड उघडलं नाही, तरी सोडायचा. दोघं भांडायला लागले, तर तो प्रश्न सोमवारी वर्गात. "भांडण लागेल असं गणित पाहिजे," हे तू इतक्या वेळा म्हणालीस, की माझ्या घरातले मला चिडवायला तेच वाक्य वापरायचे. आणि नुसतं भांडण नको, हेही तूच सांगायचीस. आवाज चढवून जिंकता येईल असं गणित तुला नको असायचं. ज्यात शेवटी काहीतरी मोजून, काढून, दाखवून समोरच्याचं तोंड बंद करता येईल, तेच खरं.

कोलाडच्या त्या हॉटेलातला दिवस मी कधी विसरणार नाही. एसटीची वाट बघत आपण भजी खात होतो, आणि तू शेजारच्या टेबलावरच्या एसटीच्या ड्रायव्हरला सहज विचारलंस, "दादा, जाताना ताशी वीसनं गेलात, त्याच रस्त्यानं येताना चाळीसनं आलात, तर एकंदर कितीनं गाडी चालवली?" ड्रायव्हर म्हणाला, "तीस. त्यात काय?" गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "तीस कसं? हळू गेलास तेव्हा जास्त वेळ रस्त्यावर होतास ना?" ड्रायव्हर म्हणाला, गाडी मी चालवतो की तू? मालक म्हणाला, तू गाडी चालव, हिशेब माझ्याकडे दे. पाच मिनिटांत कंडक्टर उठून आला, मग दोन उतारू आले, मग गाडीत बसलेल्यांनी खिडकीतून मतं द्यायला सुरुवात केली. त्या दिवशी गाडी उशिरा सुटली. ड्रायव्हर शेवटपर्यंत तीसवर ठाम होता, आणि स्टिअरिंगवर बसूनही मागे वळून मालकाला बोटं दाखवत होता. तू सगळा वेळ भजी खात होतीस. मला मात्र उत्तर सांगायची इतकी घाई झाली होती की तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिलास.

भाकरीचा प्रश्न तू वर्गात कसा टाकलास ते ऐकून मीही तो रोह्यात, माझ्या मुलींच्या शाळेत टाकला. पण माझ्या पद्धतीनं. फळ्यावर कंपासनं सुबक वर्तुळं काढली, दोन लहान, एक मोठं. लहानांचा व्यास दहा, मोठ्याचा पंधरा, असं नीट लिहून दिलं. मुलींनी मान खाली घालून गणित सोडवलं. सगळ्यांचं बरोबर आलं. वर्गात पंख्याचा आवाज येत होता. मी खुशीत तुला फोन केला. तू विचारलंस, "किती जणी भांडल्या?"

"एकही नाही. सगळ्यांचं उत्तर आलं."

"मापं दिलीस?"

"मग? मापं न देता क्षेत्रफळ कसं काढणार?"

"अगो सुमे, मापं त्यांनी मागायला पायजेत. तू न मागता वाढलंस. भुकेलाच मारलंस ना."

तू काय केलं होतंस? घरून खरोखरच्या तांदळाच्या भाकऱ्या नेल्या होत्यास. टेबलावर रुमाल पसरून ठेवल्यास आणि विचारलंस, कोण कुठली घेईल? एवढंच. पोरं आधी हसली. मग एकानं मोठी मागितली, एकीनं दोन लहान. मग का, यावर जुंपली. लहानीचा काठ कुरकुरीत लागतो, म्हणजे ज्याला काठ आवडतो त्याला दोन परवडतात, हे एका पोराचं म्हणणं. खाण्याचं काय बोलतोस, म्हणून तू त्याला दटावलं नाहीस; काठ किती मिळतो ते कसं बघशील, एवढं विचारलंस. त्यांनी दोरा मागितला. मग पट्टी मागितली. एकीनं चौकटीच्या कागदावर भाकरी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि चौकटी मोजल्या. तासाच्या शेवटी त्यांना कळलं की काठ दोन लहानांत जास्त आणि भाकरी एका मोठीत जास्त, म्हणजे दोन्ही तट बरोबर होते आणि दोन्ही तट चुकीचे होते. आणि मग मधल्या सुट्टीत त्यांनी पुरावा खाऊन टाकला. हे सांगताना तू फोनवर इतकी हसत होतीस की तुला खोकला लागला.

तोच प्रश्न, तेच उत्तर. माझ्या वर्गात गणित झालं, तुझ्या वर्गात गलका झाला. आणि वर्षाअखेर परीघ आणि क्षेत्रफळ यांत गल्लत कुणी केली? माझ्या मुलींनी. तुला हे मी सांगितलं तेव्हा तू मला हिणवशील असं वाटलं होतं. तू नुसतं म्हणालीस, "पुढच्या वर्षी भाकऱ्या मी करून देईन." आणि खरंच एका सोमवारी रोह्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती डबा पाठवून दिलास. मी त्या वर्षी मापं दिली नाहीत. वर्गात असा कल्ला झाला की शेजारच्या बाई दार लावून घ्यायला आल्या. त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच रस्त्यात हसत होते.

तरी एका गोष्टीवर आपलं कधी जमलं नाही. उत्तर शेवटी सांगायचं की नाही. तू म्हणायचीस, उत्तर सांगितलं की वर्ग उठतो. हुशार पोरं खूश होतात आणि ज्यांचं चुकलं ती पुन्हा गप्प बसतात. मी म्हणायची, पोरांना अधांतरी घरी पाठवणं हा अन्याय आहे. ज्याच्या घरात शिकवणी नाही, विचारायला कुणी नाही, त्यानं काय करायचं? तू म्हणायचीस, उद्या पुन्हा यायचं. मी म्हणायची, उद्या मुलगा आलाच नाही तर? यावर तू गाडी आली का बघायला उठायचीस. मला वाटायचं मी जिंकले. मग पुढच्या शनिवारी बाकावर बसायच्या आधीच तू सुरू व्हायचीस, "मी विचार केला, सुमे, आणि तुझं चूकच हाय." इतकी वर्षं. मी रिटायर झाले तरी आपला शनिवार सुटला नाही. माझ्याकडे वर्ग नव्हता, तुझ्याकडे होता, म्हणून गणितं मी निवडायला लागले आणि नाकारायला तू. एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. काही गणितं मी मुद्दाम वाईट आणायची. तू भडकून ते का वाईट आहे हे सांगायचीस ना, ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तुझा फोन आला. नेहमीचं "हॅलो" नाही, काही नाही. "मंदा बोलली गो."

मंदा कोण हे मला माहीत होतं. नदीकाठच्या वाडीतून येणारी, आठवीतली, शेवटच्या बाकावर बसणारी. आईबाप कामाला बाहेरगावी गेले की वर्षातले काही महिने शाळेतून गायब होणारी. हजेरीला हात वर करायची, तोंडानं "हजर" म्हणायची नाही. तू तिच्याबद्दल कधी तक्रार केली नाहीस, पण दर शनिवारी एकदा तरी तिचं नाव निघायचं. तर तू त्या दिवशी सुंभाच्या दोरीला गाठ मारून तिचा मोठा वेढा केला होतास, चार पोरांच्या हातात देऊन चौकोन करायला लावला होतास, आणि विचारलं होतंस, दोरी तीच ठेवून आकार बदलला, तर आतली जागा तीच राहील की बदलेल? कोकणातल्या बांधांवर वाढलेल्या पोरांना यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. पण तुझ्या वडिलांनी जन्मभर मिठागरात बांध घातले, आणि तू सांगायचीस की तेही "बांध तेवढा, मीठ तेवढं" असंच धरून चालायचे. वर्गातही निम्मी पोरं तेच म्हणाली. मग दुसऱ्या बाजूनं त्यांना खोडायला सुरुवात केली, एकेक जण फुटला, आणि शेवटी "तीच" म्हणणारं कुणीच उरलं नाही असं वाटत असताना मागून आवाज आला.

"दोरी कुठं तोडली नाय. कुठं जोडली नाय. मंग आतली जागा जाईल कुठं?"

तू मला तिचं वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवलंस. म्हणालीस, चुकीचं हाय, पण किती सरळ हाय बघ. अख्ख्या वर्गाला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली, तू फळ्यावर प्रश्न तसाच ठेवलास. सोमवारी पुढे. मी म्हणाले, "सोमवारी तरी सांगून टाक गो, एवढी बोललीय पोरगी, तिला बरोबर काय ते कळू दे." तू म्हणालीस, "सांगितलं तर ती परत बोलेल काय?" आणि गॅसवर काहीतरी उतू जातंय म्हणून फोन ठेवलास. त्या शनिवारी मला कासूला यायला जमलं नाही, आणि रविवारी तू गेलीस. तुझ्याशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, याचा मला आनंदच आहे. गोडगोड बोललो असतो तर आपलं वाटलं नसतं.

तेराव्याला पानावरून उठताना तुझे मुख्याध्यापक माझ्याजवळ आले. परीक्षेपर्यंत आठवीचं गणित घ्याल का, म्हणाले. आणि हळूच, "बाईंचा वर्ग म्हणजे बाजार होता हो. तुम्ही उत्तर सांगून मोकळं करता असं ऐकलंय. जरा शांतता येईल." मी हो म्हणाले. मधल्या दिवसांत कुणीतरी पुस्तकातली उदाहरणं लिहून देऊन वर्ग सांभाळला होता. सांभाळला म्हणजे गप्प बसवला होता.

सोमवारी पेणला उतरले. कारखान्यांपुढे न रंगवलेले गणपती उन्हात वाळत होते, त्यांच्यामधून वाट काढत शाळेत गेले. वर्गात तुझं अक्षर फळ्याच्या कोपऱ्यात होतं. भोवती चौकट काढून कुणीतरी "पुसू नये" लिहिलं होतं. पोरं उभी राहिली, बसली, आणि बघत राहिली. मंदा मागे होती. मान खाली. हजेरीला हात वर केला, तोंड उघडलं नाही. त्या शुक्रवारी बाहेर आलेलं सगळं पंधरवड्यात पुन्हा आत ओढून घेतल्यासारखी बसली होती.

मी खडू उचलला. उत्तर माझ्या ओठांवर होतं. दोन आकृत्या काढायच्या, लांबी रुंदी लिहायची, क्षेत्रफळ वेगळं येतं हे दाखवायचं. पाच मिनिटांचं काम. आणि मंदा चुकली, एवढाच त्या धड्याचा निकाल. ती मान वर करण्याचं काही कारण मग उरणार नव्हतं. न सांगावं, तर प्रश्न असाच लटकत ठेवून परीक्षा येणार, आणि मला तो अन्याय वाटतो हे तुला माहीत आहे. मी तुझ्यावर चिडले, कुंदे. मेल्यावरही मला असं कात्रीत पकडलंस.

मग आठवलं, वर्ग थिजला की तू काय करायचीस. दुसऱ्याचं म्हणणं तिसऱ्याला सांगायला लावायचीस. मी विचारलं, "मंदाचं म्हणणं काय होतं? मंदा सोडून कोण सांगेल?"

पुढच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "बाई, ती म्हणाली, सगळ्या चौकोनांची जागा सारखीच असते."

आणि मागून, खाली मान घालूनच, "तसं नाय म्हनले मी."

"मग?"

"दोरी तीच हाय तर, म्हनले. सगळ्या चौकोनांचं नाय म्हनले."

तो पोरगा म्हणाला, एकच झालं. मंदा म्हणाली, एक नाय. तो म्हणाला, दाखव. कपाटातून सुंभाची दोरी निघाली. बाकं भिंतीला सरकली. चौघं दोरी धरून उभी राहिली आणि मंदा मध्ये, ती सांगेल तसे ते सरकणार. तिनं आधी चौरस करायला लावला. मग लांबट. मग आणखी लांबट. समोरासमोरच्या जोड्या एकमेकींच्या जवळ येत गेल्या. तिला आपलं म्हणणं सिद्ध करायचं होतं, म्हणून ती नेटानं पुढे नेत राहिली. शेवटी दोरीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या, आणि मंदा थांबली. दोरीकडे बघत राहिली. तिनं बोट घालून बघितलं. बोट जाईना.

"आता आत काय हाय?" तिनं स्वतःलाच विचारलं. "काय नाय."

अख्ख्या वर्गात कुणी "बघ, हरलीस" म्हटलं नाही. तो पोरगासुद्धा नाही. मला वाटलं ती जाऊन बाकावर बसेल. तिनं दोरी ओढून पुन्हा उघडली आणि म्हणाली, "मंग सगळ्यात जास्त कवा?"

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. चौरस म्हणणारे एका बाजूला झाले. एकीनं पाच जणांना दोरी धरायला लावली, मग सहा जणांना. कोपरे वाढवले की काय होतं, असं ती ओरडून विचारत होती. कुणी तरी फरशा मोजायला लागलं. मुख्याध्यापक दारात आले, त्यांच्या कपाळावर आठी होती, आणि त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. ते थोडा वेळ उभे राहिले. मग "चौरसच असणार" असं पुटपुटून निघून गेले.

मला राहवलं नाही. तुझा पाय माझ्या पायावर नव्हता ना. एवढे सगळे उत्तराच्या इतक्या जवळ होते, आणि घंटेला थोडाच वेळ राहिला होता, म्हणून मी पुढे झाले आणि म्हणाले, "अरे, कोपरेच काढून टाकले तर..."

मंदा वळली. हातात दोरी, केस तोंडावर आलेले. "बाई, तुमी थांबा जरा," ती म्हणाली. "आमचं व्हऊ दे."

मी थांबले. आपल्या वादात तू जिंकलीस असं मी अजूनही म्हणणार नाही. पण मंदा माझ्यावर ओरडली, कुंदे. भर वर्गात, सगळ्यांसमोर.